शुक्रवारी ताज बंद असतो! आई-अण्णांना घेऊन केलेली दिल्ली-जयपूर-आग्रा टूर

आमच्या घरात दिल्ली-आग्रा करायचं हे बोलणं गेली सात-आठ वर्षं नुसतं चाललं होतं. अण्णांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, 34 वर्षं काढली, सलग चार दिवसांच्या वर सुट्टी कधी घेतली नाही, आणि रिटायर झाल्यावर एकच म्हणायचे की मला आग्र्याचा किल्ला बघायचाय. ताजमहाल नाही, किल्ला. आईचं म्हणणं वेगळं, तिला जयपूर बघायचं होतं आणि तिचे गुडघे बघता मी जास्त वर्षं थांबायला तयार नव्हते. शेवटी या फेब्रुवारीत जमवलं, गाईडसकट छोटी टूर, दिल्लीत उतरल्यापासून पाच दिवस. कसं जमलं, कुठं अडलं ते सगळं लिहिते, कारण मला जाण्याआधी हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पहिली गोष्ट बुकिंगची. इथल्याच एका टूरवाल्याकडं पैसे भरायला गेले, त्यांनी छापील प्लॅन हातात दिला. कोल्हापुरातून निजामुद्दीनला आठवड्यातून एकदाच थेट गाडी आहे, त्या गाडीच्या वारावर सगळा प्लॅन बसवलेला. गुरुवारी दिल्ली, शुक्रवारी आग्रा, मग जयपूर आणि सोमवारी परत दिल्लीत लाल किल्ला. मी घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरपुढं उभी राहिले आणि सहज म्हणून बघितलं तर ताजमहाल शुक्रवारी बंद असतो आणि लाल किल्ला सोमवारी! म्हणजे पूर्ण टूरमधल्या दोन मोठ्या जागा बरोबर बंदच्या दिवशी. फोन केला तर ते म्हणाले ताई, ताज नदीपलीकडनं मेहताब बागेतनं दाखवतो की. म्हटलं असं चालणार नाही हो, म्हातारी माणसं एवढ्या लांब एकदाच जातात, लांबनं बघून परत यायचं का? चांगली अर्धा तास वादावादी झाली. शेवटी त्यांनी प्लॅन उलटा फिरवला, गुरुवारी दिल्ली लाल किल्ल्यासकट, शुक्र-शनि जयपूर, रविवारी आग्रा आणि सोमवारी दिल्लीतनं विमानानं पुणे. रविवारी ताजला गर्दी असणार हे माहीत होतं पण बंद दारापेक्षा गर्दी बरी. आणि हा उलटा फिरलेला प्लॅनच आम्हाला पुढं किती उपयोगी पडला ते सांगतेच.

पैसे भरताना अजून दोन गोष्टी लिहून घेतल्या. एक, एन्ट्री तिकिटं पॅकेजमध्ये आहेत का. ताजचं साधं तिकीट 50 रुपये आणि मुख्य घुमटाखाली जायचं असेल तर वरचे 200, ते 200 पॅकेजमध्ये नव्हते. दोन, गाईड तिथला लायसन्सवाला असणार का, का आपला टूर मॅनेजरच माहिती सांगणार. तीन शहरांत तीन वेगळे गाईड असतील असं सांगितलं आणि तसेच होते, गळ्यात ओळखपत्र घातलेले.

आमचा ग्रुप 22 जणांचा, निम्म्याच्या वर कोल्हापूर-इचलकरंजीचे, बाकी सांगली-मिरजेचे. गाडीत भडंग, शेंगदाण्याची चटणी, चपात्या, दशम्या, सगळं एकमेकांत वाटून खाल्लं आणि दिल्ली यायच्या आत सगळ्यांची ओळख झाली.

दिल्लीत कुतुबमिनारपाशी सगळे मिनारचे फोटो काढत होते, 73 मीटर उंच आहे तर मान मोडेपर्यंत वर बघायला लागतं, आणि अण्णा मात्र लोखंडी खांबापाशी जाऊन थांबले. आता त्याला कुंपण आहे, हात लावता येत नाही. सात मीटरच्या वर उंची, सहा टनांच्या वर वजन आणि वय सोळाशे वर्षांच्या आसपास. गाईड सांगत होता की गंजत नाही, चमत्कार आहे. अण्णा कुंपणाला धरून दहा मिनिटं नुसते बघत राहिले आणि मग मला म्हणाले, "ह्यो ओतीव न्हाई गं, घडीव हाय. लोखंडाचं गोळं तापवून एकावर एक ठोकून जोडल्यात. ओतला असता तर अंगावर येगळं दिसलं असतं." मी गाईडला विचारलं तर तो एकदम थांबला आणि म्हणाला बरोबर आहे, फोर्ज वेल्डिंगच आहे, आणि त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे त्यामुळं वर एक पातळ थर धरतो आणि गंज आत जात नाही. त्यानंतर तो अण्णांशी वेगळंच बोलायला लागला, पाठ केलेलं सोडून. मला तिथंच कळलं की आपण काहीतरी विचारलं की ही माणसं भरभरून सांगतात, नाहीतर रोजचं तेच म्हणून दाखवून पुढं चालू लागतात.

लाल किल्ल्यात दिवाण-ए-खासमध्ये त्यानं सांगितलं की वरचं छत चांदीचं होतं आणि 1760 मध्ये मराठ्यांनी ते काढून वितळवलं. ग्रुपमध्ये जरा शांतता झाली. इचलकरंजीचे एक काका म्हणाले हे पण खरं आहे, भाऊसाहेबांकडं फौजेला द्यायला पैसा उरला नव्हता, पुढं पाच-सहा महिन्यांत पानिपत झालं. मला आवडलं की कुणी वाद घातला नाही. मग काकांनीच विचारलं की 1771 मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली आणि मुघल बादशहा शाहआलमला परत आणून गादीवर बसवलं ते पण सांगा की. गाईडला माहीत होतं, विचारल्यावर सगळं सांगितलं.

शुक्रवारी पहाटे निघून जयपूर. हवामहल आम्ही रस्त्यावरनंच बघितला, 1799 चा आहे, 953 खिडक्या, पण खरं सांगायचं तर समोर ट्रॅफिक आणि सेल्फीवाले इतके की पाच मिनिटांत बसमध्ये. जंतरमंतरला मात्र मी म्हणते दीड तास तरी ठेवा. सवाई जयसिंगांनी बांधलेलं हे, ज्यांनी 1727 मध्ये जयपूर वसवलं. तिथलं सम्राट यंत्र म्हणजे 27 मीटर उंच सावलीचं घड्याळ, दोन सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते म्हणे. अण्णांनी लगेच विचारलं लीस्ट काउंट, म्हणजे सगळ्यात बारीक माप, दोन सेकंद? दगडात? गाईडनं संगमरवरी पट्टीवरच्या बारीक रेघा दाखवल्या आणि सावलीच्या कडेला काडी धरून ती सावली कशी सरकते ते दाखवलं, सेकंदाला साधारण एक मिलिमीटर, डोळ्यांदेखत सरकते! पण माझ्या घड्याळात अकरा वीस आणि सावली दाखवत होती दहा चाळीस. आई म्हणाली बंद पडलंय काय. तर गाईडनं छान समजावलं, आपली घड्याळं साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची वेळ दाखवतात आणि जयपूर त्याच्या बरंच पश्चिमेला, तिथंच 27 मिनिटं जातात, वर फेब्रुवारीत सूर्य स्वतःच 14 मिनिटं मागं असतो. मी रात्री हॉटेलवर हिशोब केला, आपल्या कोल्हापुरात तो रेखांशाचा फरक 33 मिनिटांचा पडतो.

सिटी पॅलेसमध्ये चांदीचे दोन प्रचंड हंडे आहेत, गंगाजली म्हणतात, एकेक सुमारे 345 किलोचा. सवाई माधोसिंग 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला लंडनला गेले तेव्हा गंगेचं पाणी भरून नेलं होतं. हे ऐकल्यावर मला एकदम आठवलं, त्याच समारंभाला आपले शाहू महाराज पण गेले होते की! आणि महाराज तिकडं असतानाच 26 जुलै 1902 ला मागासलेल्या वर्गांना नोकऱ्यांत 50 टक्के जागांचा जाहीरनामा करवीर गॅझेटात निघाला. मी हे बसमध्ये माइक घेऊन सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी आमेर. वर चढायला आम्ही जीप घेतली, हत्ती नको म्हटलं, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी जीपच घ्यावी. शीशमहल सुंदर आहेच, पण मला सांगायचंय ते वेगळं. आमेर म्हणजे मिर्झाराजे जयसिंगांचं घराणं, ज्यांनी 1665 च्या जूनमध्ये पुरंदरचा तह घडवून आणला, 23 किल्ले गेले आणि शिवाजी महाराजांना पुढं आग्र्याला जावं लागलं. जयपूर वसवणारे सवाई जयसिंग त्याच वंशातले पण पुढचे, ग्रुपमध्ये निम्म्या लोकांना दोन्ही एकच वाटत होते. आता आमचा मूळ प्लॅन राहिला असता तर आग्रा आधी आणि आमेर नंतर झालं असतं. उलटा झाल्यामुळं आधी तह करणाऱ्याचं घर बघितलं आणि मग आग्रा, जसं घडलं तसंच.

आता मुख्य मुद्दा. शनिवारी रात्री टूर मॅनेजरनं रविवारचं टायमिंग सांगितलं, ताज तीन तास, संगमरवराच्या शोरूमला दीड तास, आग्रा किल्ला 40 मिनिटं. जयपूरला पण असंच झालं होतं, कापडाच्या दुकानात सव्वा तास गेला आणि नाहरगड राहिला. मी त्यांना बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, दादा, माझे वडील या 40 मिनिटांसाठी आठ वर्षं थांबलेत. ते म्हणाले ताई, एकट्यासाठी बदलता येत नाही. मग मी जेवणाच्या टेबलांवर जाऊन सगळ्यांना विचारलं. 22 पैकी 17 जण म्हणाले किल्ला वाढवा. शोरूम अर्ध्या तासावर आलं, किल्ल्याला पावणेदोन तास मिळाले. आणि शोरूमबद्दल पण खरं तेच लिहिते, तिथं बाहेर एक कारागीर हातानं चाक फिरवत लालसर दगडाची नखाएवढी पाकळी घासत बसला होता, ते बघायला अण्णा आत गेलेच नाहीत, त्याच्याशेजारीच बसून राहिले. ताजवरच्या फुलांचं काम असंच होतं हे डोळ्यांनी बघितलं, त्यामुळं अर्धा तास वाया गेला असं मी म्हणणार नाही.

ताज पहाटे केला. गाड्या लांब थांबवतात, तिथनं बॅटरीची गाडी. सिक्युरिटीला खायचं काही चालत नाही, आईच्या पिशवीतलं भडंगाचं पाकीट काढून ठेवायला लागलं, तर मोबाईल, पाणी, पाकीट एवढंच घेऊन जा. दारातून पहिल्यांदा दिसतो तेव्हा आई काही बोललीच नाही, माझा हात घट्ट धरला फक्त.

आणि मग किल्ला. अमरसिंग दरवाजानं आत जातात, आणि दरवाजाबाहेर शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे. आमच्या बसमधली सगळी माणसं चपला काढून उभी राहिली, कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांनी घरातनं आणलेली अंबाबाईची कुंकवाची पुडी खिशात होती, ती त्यांनी काढली आणि कपाळाला लावली, मला लावली, शेजारच्या काकांना लावली.

आत दिवाण-ए-खासपाशी गाईडनं 12 मे 1666 चा दरबार सांगितला, औरंगजेबाचा वाढदिवसाचा दरबार, महाराजांना मागच्या रांगेत उभं केलं ते, बरोबर नऊ वर्षांचे संभाजीराजे. त्याच वर्षाच्या सुरुवातीला शहाजहान याच किल्ल्यात कैदेत असतानाच वारला होता, पलीकडच्या मुसम्मन बुरुजात. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, महाराजांना किल्ल्यात कोंडलं नव्हतं, बाहेर मिर्झाराजांचा मुलगा रामसिंग याच्या तळाजवळ ठेवलं होतं, फौलादखानाचा पहारा होता, आणि तिथनंच 17 ऑगस्टला ते निसटले. त्यामुळं किल्ल्यात ती खोली शोधत फिरू नका.

अण्णा सगळं ऐकून घेऊन गाईडला म्हणाले, "हे दुसऱ्यांदा बरं का. पहिल्यांदा आमच्या पन्हाळ्यावरनं." गाईड म्हणाला कौनसा? मग अण्णांनी तिथल्या दगडी पायरीवर बसून त्याला मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं, सिद्दी जौहरचा वेढा, 12 जुलै 1660 ची रात्र, पाऊस, शिवा काशीद, बाजीप्रभू, विशाळगडाची वाट. गाईडनं मोबाईल काढून पन्हाळा हे नाव लिहून घेतलं, दोनदा विचारून, ळ कसा म्हणायचा तेही विचारलं. पावणेदोन तास कधी संपले कळलं नाही, मॅनेजर घड्याळ दाखवत होता आणि अण्णा म्हणत होते थांब जरा, पावनखिंड राहिलीया.

सोमवारी रात्री पुण्यात उतरलो, मंगळवारी पहाटे घरी. आता पुढच्या महिन्यात आमच्या पेठेतली सहा माणसं हीच टूर करणार आहेत, काल प्लॅनचा कागद घेऊन आमच्याकडं आली होती. अण्णांनी आधी कॅलेंडर काढून दिलं आणि म्हणाले, "आमेर आग्र्याच्या आधी हाय का बघा."