दांडिया बाजारातला ट्युलिप

बडोद्यात तीन दिवस होते. लक्ष्मी विलास पॅलेस पाहिला, सयाजी बागेतल्या संग्रहालयात एक दुपार काढली, सेव उसळ दोनदा खाल्ली. सगळं छान झालं. पण लिहायला बसलेय ते दांडिया बाजारात, आत्याच्या गॅलरीतल्या एका कुंडीबद्दल.

रात्रभराच्या प्रवासाने अंग आंबलं होतं. पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच आत्या म्हणाली, "चहा घे आणि गॅलरीत बस. ऊन आलं की उघडतं ते."

कुंडीत जेमतेम वीतभर दांड्यावर एक लाल कळी, कडेला पिवळी रेघ. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, हवेत थोडा गारवा. दहाच्या सुमाराला ऊन कठड्यावर आलं आणि पाकळ्या सैल व्हायला लागल्या. मी वाकून आत पाहिलं. तळाशी काळंनिळं चांदणीसारखं वर्तुळ, त्याला पिवळी किनार, भोवती सहा पुंकेसर उभे. गेल्या एप्रिलमध्ये मी श्रीनगरला जबरवानच्या पायथ्याची ट्युलिपची बाग पाहिली होती. लाखो फुलं होती, पण आमच्या टूरवाल्यांनी पाऊण तास दिला आणि तो फोटो काढण्यातच संपला. फुलाच्या आत असं काही असतं, हे मी तिथे पाहिलंच नव्हतं. त्याची खंत या गॅलरीत लागली.

ट्युलिप मुळात हॉलंडचा नाही, मध्य आशियातल्या तिएनशान-पामीरच्या उतारांवरचा. तिथे कडाक्याचा हिवाळा, घाईचा वसंत आणि मग कोरडा उन्हाळा, म्हणून तो वर्षातला बराच काळ जमिनीखाली कंद होऊन राहतो. थंडी खाल्ल्याशिवाय फूल धरत नाही. तुर्कांनी त्याला 'लाले' म्हणून बागांमध्ये मिरवलं. १५९३ साली क्लुसियस हा वनस्पतितज्ज्ञ हॉलंडमधल्या लायडनला आला, तिथे त्याने कंद लावले आणि डच लोकांना त्याचं वेड लागलं.

बडोद्यात ही थंडी आणायची कुठून? आत्याने दसऱ्याला आठ कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवले, ते जानेवारीत बाहेर काढले. तीन महिने घरातली सफरचंदं फ्रिजबाहेर, कारण पिकत्या फळातून निघणाऱ्या वायूने आतली कळी मरते. आतोबा नेमाने रोज एक सफरचंद खाणारे, त्यांनी बिनतक्रार सहन केलं. आठांतले पाच रुजले, फूल एकालाच आलं. आणि ऊन तापायच्या आत कंद पुन्हा भरत नाही, म्हणून पुढच्या वर्षी नवे घ्यायचे. मला हा खर्च मुळीच वाया गेलेला वाटत नाही.

आत्या बोलता बोलता रोपाची पानं उलटून मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, लागलाय का बघत होती. हॉलंडमध्ये ज्या पट्टेदार फुलांसाठी लोक वेडे झाले, ते पट्टे एका विषाणूमुळे पडत, आणि तो पसरवायचा हाच मावा. आजारी कंद क्षीण होत जाई, त्याला पिल्लं कमी फुटत, म्हणून भाव आणखी चढे. १६३७ च्या फेब्रुवारीत तो बाजार कोसळला. विषाणूची खात्री पटायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. आजचे बहुतेक पट्टेदार ट्युलिप निरोगी असतात, संकरातून आलेले. झालरीच्या कडांचे, पोपटाच्या पिसांसारखे, दुहेरी पाकळ्यांचे, नुसत्या नावांचीच यादी हजारोंची. आत्याला मात्र साधा लालच हवा असतो.

संध्याकाळी ते मिटलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा पाकळ्या कालच्यापेक्षा लांब वाटल्या. त्या खरोखरच वाढतात, दर उघडमिटीत थोड्या थोड्या.

निघताना आत्याने डब्यात लीलो चेवडो भरून दिला. आठवड्याने तिचा फोन आला: सहाही पाकळ्या गळल्या, वाटीत ठेवल्यात. "दसऱ्याला बारा कंद ठेवते," म्हणाली, "आतोबांना सांगून ठेवलंय."