सही खरी आहे, पण फाइल सुरक्षित आहे का?

माझ्या जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर (संगणकाला स्कॅनर चालवता यावा म्हणून लागणारे सॉफ्टवेअर) मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरून काढून टाकलेला असल्यामुळे गेल्या आठवड्यात तो मला दुसऱ्याच एका ठिकाणाहून उतरवून घ्यावा लागला. विंडोजमध्ये त्या फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिजिटल सिग्नेचर्स’ या भागात पाहिले, तेव्हा सही वैध असल्याचा निर्वाळा संगणकाने दिला आणि मी ती फाइल चालवण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात सही करणाऱ्याचे नाव वाचले. ते स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीचे नव्हते, कधी ऐकलेलेही नव्हते.

अशा वेळी सही नेमके काय सांगते, हे नीट माहीत असावे लागते. फाइलवर सही करताना आधी तिचा हॅश, म्हणजे तिच्यातील माहितीवरून गणिताने काढलेला छोटा ठसा, काढतात. आज बहुधा त्यासाठी एसएचए-२५६ ही पद्धत वापरली जाते, आणि फाइल काही किलोबाइटची असो वा काही गिगाबाइटची, तिच्यापासून नेहमी २५६ बिटांचाच ठसा तयार होतो. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी हा ठसा पूर्णपणे वेगळा येतो. या ठशावर सही करणारा आपल्या खाजगी किल्लीने, म्हणजे फक्त त्याच्याकडेच असायला हव्या अशा गुप्त संख्येने, प्रक्रिया करतो. ती सही पडताळण्यासाठी लागणारी, सर्वांना उघड असलेली जोडीची सार्वजनिक किल्ली प्रमाणपत्रात असते, आणि ते प्रमाणपत्र अमुक एका व्यक्तीचे किंवा कंपनीचे आहे, याची ग्वाही प्रमाणपत्र देणारी संस्था देते. म्हणजे वैध सहीतून दोनच गोष्टी कळतात: सही कोणाच्या किल्लीने झाली आणि सहीनंतर फाइलमध्ये फेरफार झाला की नाही. सही करणाऱ्याचा हेतू काय होता, किंवा सही होण्यापूर्वीच फाइलमध्ये काही शिरले होते का, याविषयी सही काहीही सांगत नाही.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमच्या ड्रायव्हरवरील सह्या रिअलटेक आणि जेमायक्रॉन या खऱ्या कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांनी केलेल्या होत्या. २०१७ मध्ये सीक्लीनर या संगणक साफ करणाऱ्या प्रोग्रॅमची ५.३३ ही आवृत्ती अधिकृत ठिकाणाहून, कंपनीच्या स्वतःच्या सहीनिशी, जवळपास महिनाभर वितरित होत राहिली आणि तिच्यात घातक कोड होता. २०२० मधील सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात तर सॉफ्टवेअर तयार होत असतानाच त्यात मागचे दार, म्हणजे गुपचूप आत शिरण्याची वाट, बसवले गेले, आणि नंतर नेहमीच्या प्रक्रियेत त्यावर रीतसर सही झाली. ज्यांनी सही तपासली, त्यांना ती प्रत्येक वेळी बरोबरच दिसली असणार. प्रमाणपत्र देणारी संस्थाही फसू शकते: २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा कर्मचारी असल्याची बतावणी करणाऱ्या कोणा एकाला व्हेरिसाइन या अशाच संस्थेने मायक्रोसॉफ्टच्या नावाने दोन प्रमाणपत्रे देऊन टाकली होती.

तरीही सही पाहणे निरर्थक आहे, असे मी म्हणणार नाही. ती वाचावी कशी, हे शिकायला हवे. पहिली गोष्ट नावाची. ज्याने सॉफ्टवेअर बनवले त्याचेच नाव अक्षर न् अक्षर तिथे आहे का, हे पाहावे. त्यानंतर ‘डिटेल्स’मध्ये जाऊन प्रमाणपत्राची साखळी (ते कोणत्या संस्थेने दिले आणि त्या संस्थेची ग्वाही कोण देते) आणि सहीची वेळ पाहावी. प्रमाणपत्राची मुदत संपलेली दिसली की पुष्कळ जण घाबरतात, परंतु मुदतीत असताना सही केलेली असेल आणि तिला विश्वासार्ह वेळेचा शिक्का असेल, तर अशी सही सहसा वैधच मानली जाते. रद्द केलेले प्रमाणपत्र ही मात्र वेगळी आणि गंभीर बाब आहे. किल्ली चोरीला गेल्यामुळेही ते रद्द झालेले असू शकते, आणि तशी फाइल मी उघडत नाही.

विंडोजमधील एक बारकावा फारसा कोणी सांगत नाही. फाइलमधल्या ज्या भागात सही साठवलेली असते, तो भाग हॅश काढताना वगळावाच लागतो, आणि त्यामुळे तिथे जास्तीची माहिती जोडूनही सही वैध राहू शकते. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये यावर कडक तपासणीचा उपाय आणला खरा, पण तो आपणहून चालू करावा लागतो, कारण काही प्रामाणिक इन्स्टॉलरही याच जागेचा उपयोग करतात. म्हणून बनवणाऱ्याने आपल्या संकेतस्थळावर हॅश दिलेला असेल, तर आपल्या फाइलचा हॅश काढून मी तो त्याच्याशी ताडून पाहतो. फाइल आणि हॅश दोन्ही एकाच अनोळखी ठिकाणचे असतील, तर या ताळ्याला फारसा अर्थ उरत नाही.

स्कॅनरच्या त्या फाइलसाठी ताडून पाहायला अधिकृत हॅश नव्हताच. तेव्हा तिचा हॅश काढून मी तो व्हायरसटोटल या, फाइली अनेक अँटिव्हायरसकडून तपासून देणाऱ्या संकेतस्थळावर शोधला. फाइल तिथे चढवण्याआधी असा शोध घेणेच इष्ट, कारण चढवलेली फाइल इतरांच्याही हाती जाऊ शकते आणि तिच्यात खाजगी मजकूर असेल तर तो परत घेता येत नाही. ती फाइल तिथे आधीच नोंदलेली निघाली आणि अनेक अँटिव्हायरसनी तिला जाहिराती घुसवणारे सॉफ्टवेअर ठरवले होते. मूळ ड्रायव्हर कोणीतरी स्वतःच्या इन्स्टॉलरमध्ये गुंडाळून त्यावर स्वतःची, अगदी वैध, सही केली होती. मी ती फाइल पुसून टाकली. स्कॅनर आता विंडोजमधल्याच सर्वसाधारण ड्रायव्हरवर चालतो आहे.