दाढीवाला बुधला: साचा झाला, आता मीठ

जर्मनीतल्या कोलोनच्या बार्टमानचं, म्हणजे दाढीवाल्या बुधल्याच्या प्रतिकृतीचं, काम बरंच पुढे सरकलंय. चेहऱ्याचा साचा तयार आहे, बुधले सावलीत सुकतायत.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: फुगीर पोट, आखूड मान, मागे धरायला एक कान आणि मानेवर दाढीवाल्या माणसाचा चेहरा, असं हे ऱ्हाइन नदीकाठचं स्टोनवेअर, म्हणजे खूप तापवून दगडासारखी घट्ट भाजलेली भांडी. मी सोळाव्या शतकाच्या मध्याचा नमुना घेतलाय, कारण तेव्हाचे चेहरे खरोखर माणसांचे वाटतात. पोटाभोवती अक्षरांची पट्टी असते. तिच्यावरचा नेहमीचा मजकूर म्हणजे ‘खा, प्या, देवाला विसरू नका’. पुढे भट्ट्यांच्या आगीला आणि धुराला कंटाळून कोलोन शहराने कुंभारांना बाहेर काढलं, धंदा जवळच्या फ्रेशन गावात एकवटला, आणि सतराव्या शतकात मागणी वाढली तसे चेहरे ओबडधोबड होत गेले. १६२९ साली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ फुटलेल्या ‘बटाव्हिया’ या डच जहाजातही असे बुधले सापडलेत. जहाज बुडाल्याचं साल पक्कं असलं की त्यातल्या चेहऱ्यांचा काळही पक्का होतो, म्हणून मी ते फोटो सतत समोर ठेवतो.

सगळ्यात जास्त वेळ दाढीने खाल्ला. प्रत्येक बट वर निमुळती आणि तळाशी रुंद हवी. आतल्या बाजूला जरा जरी खाच राहिली तर माती साच्यात अडकते आणि नाक किंवा मिशी तुटून येते. आधी मातीत चेहरा कोरला, त्यावरून प्लास्टरचा साचा काढला. त्या कुंभारांचे साचे भाजलेल्या मातीचे असत. तयार वस्तूवरून पुन्हा मातीचा साचा काढला की आकसण्यामुळे चेहरा दर पिढीला लहान होतो, रेषा बोथट होतात. माझी माती सुकून-भाजून साधारण १२ टक्के आकसते, म्हणून २० सेंटिमीटरच्या बुधल्यासाठी चाकावर जवळजवळ २३ सेंटिमीटर उंची धरली. चेहरा ओल्या अंगावरच स्लिपने, म्हणजे पातळ कालवलेल्या मातीने, चिकटवला.

एवढी बारीक दाढी कोरण्यात अर्थ आहे तो मिठामुळे. भट्टी १२०० अंशांच्या वर गेली की आत मीठ टाकायचं. त्याची वाफ होते, तिच्यातलं सोडियम मातीतल्या सिलिका आणि अ‍ॅल्युमिनाशी जुळून भांड्याच्या अंगावरच काच तयार करतं. हा थर इतका पातळ असतो की दाढीची बट न बट दिसते, आणि वर संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबड येते. शिशाच्या जाड ग्लेझखाली (काचेसारख्या झिलईखाली) हीच दाढी बुजून गेली असती. कोलोनजवळच्या झीगबुर्गच्या पांढुरक्या, उंच श्नेले मगांवरची उठावाची चित्रंही पातळ थरामुळेच आजवर रेखीव राहिलीत.

कोलोनचा तपकिरी रंग लोहयुक्त स्लिपचा. कपची उडाली की आतलं करडं अंग दिसतं. तीन वेगवेगळ्या दाटपणाच्या स्लिपच्या चाचणीपट्ट्या केल्यात.

विजेच्या भट्टीत मीठ टाकू नका, कॉइल आणि विटा दोन्ही खराब होतात. शिवाय धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो, म्हणून उघड्यावरची गॅसभट्टी आणि योग्य मास्क हवेतच. तशी भट्टी मिळाली आहे. पहिल्या फेरीत फक्त पट्ट्या आणि काही सुटे चेहरे जातील. त्यांच्यावर खडबड नीट उठली तरच बुधले आत ठेवीन.