धावणार एक, राबणार चौघे: बॅडवॉटर १३५

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीतली ही जुलैची शर्यत २१७ किमीची, मुदत ४८ तास. सोबतीला गाडी आणि माणसं नसतील तर इथे धावताच येत नाही.

पहिलं काम बर्फाचं. खोके दोन ठेवा: एक पिण्यासाठी, एक अंगासाठी. एकाच खोक्यात घामट रुमाल बुचकळले की पोट बिघडलंच म्हणून समजा. रुमालात मूठभर बर्फ गुंडाळून मानेला बांधा, वितळला की बदला.

दर थांब्याला वहीत लिहा: वेळ, किती प्यायलं, काय खाल्लं, लघवी झाली का. बोटं सुजली, डोकं दुखतंय, बोलणं भरकटतंय? पाणी जास्त होऊन रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं. तेव्हा मायेपोटी आणखी पाणी पाजणं हीच घोडचूक. वैद्यकीय पथकाला बोलवा. आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी कितीही मागितली तरी देऊ नका, मूत्रपिंडं आधीच ताणलेली असतात.

मध्यरात्रीनंतर ‘काय हवंय?’ विचारून उपयोग नाही. ‘सूप की बटाटा?’ एवढंच विचारा. आणि गाडी चालवणाऱ्यांनी पाळीपाळीने झोपायचंच, हट्टाने जागरण नको.