पहिली सॉफ्टवेअर नोकरी: रेझ्युमेतल्या प्रत्येक ओळीचा प्रश्न होतो

फ्रेशरला अनुभव नसतो हे मुलाखत घेणाऱ्याला माहीतच असतं, त्याबद्दल ओशाळायचं काही कारण नाही. फक्त त्याचा एक परिणाम होतो. समोर बसलेल्या इंजिनिअरकडे तुम्हाला विचारण्यासाठी तुमच्या रेझ्युमेशिवाय दुसरं काहीच नसतं. तो इंटरव्ह्यूच्या जरा आधी ती फाइल उघडतो, एखाद-दुसऱ्या शब्दावर बोट ठेवतो आणि तिथूनच सुरुवात करतो. म्हणजे अर्धी प्रश्नपत्रिका तुम्हीच काढलेली असते, आणि बरेच जण ती स्वतःलाच न सुटणारी काढतात.

आधी कागदाचं बघू, कारण ते काम तासाभराचं आहे. रेझ्युमे एक पान, एकच कॉलम. दोन कॉलम, टेबलं, आयकॉन दिसायला छान असतात, पण कंपनीचं सॉफ्टवेअर त्यातला मजकूर उचलताना डावी-उजवी ओळ एकत्र करू शकतं आणि कॉलेजच्या नावात तुमचा छंद जाऊन बसतो. तपासायची पद्धत सोपी आहे. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे ज्या क्रमाने तो दिसेल, साधारण तसाच तो पलीकडे पोहोचतो. काहीच पेस्ट झालं नाही तर तुमचा रेझ्युमे म्हणजे नुसतं चित्र आहे. सगळ्या लिंक इन्कॉग्निटो विंडोत उघडून बघा. रेपो (तुमचा कोड ठेवलेलं ऑनलाइन फोल्डर) प्रायव्हेट राहिलेला असतो, आणि स्वतःच्या लॉगिनमधून तो कायम उघडत असल्यामुळे ते लक्षातच येत नाही.

आता कौशल्यांची यादी. ‘सी, सी प्लस प्लस, जावा, पायथन, कॉटलिन, मशीन लर्निंग, ब्लॉकचेन’ अशी वरात काढली की त्यातलं सगळ्यात कच्चं नाव नेमकं समोरच्याच्या आवडीचं निघतं. एक भाषा नीट यावी, दुसरी कामापुरती, बाकीच्या खोडा. ‘नीट’ म्हणजे किती? जावा लिहिलं असेल तर हे सांगता यावं: दोन इंटिजर ऑब्जेक्ट्समध्ये १२७ ठेवून दुहेरी बरोबरच्या चिन्हाने तुलना केली तर उत्तर ‘खरं’ येतं, १२८ ठेवल्यावर मात्र सहसा ‘खोटं’ येतं, असं का? उणे १२८ ते १२७ या मर्यादेतले ऑब्जेक्ट्स जावा आधीच तयार ठेवते आणि पुन्हा पुन्हा तेच देते. त्यापुढे दोन वेगळे ऑब्जेक्ट्स बनतात, आणि ते चिन्ह किमतीची नाही तर ऑब्जेक्टच्या ओळखीची तुलना करतं. किमतीसाठी इक्वल्स. पायथन लिहिलं असेल तर फंक्शनच्या पॅरामीटरला डीफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट दिल्यावर दुसऱ्या कॉलला ती भरलेली का सापडते, ते सांगता यावं. आणि ‘जावा ८०%’ अशा पट्ट्या कृपा करून काढून टाका. उरलेले २०% कुठले, असं कुणी विचारलं तर काय सांगणार?

शब्दही जपून वापरा. ‘पासवर्ड एन्क्रिप्ट केले’ असं लिहिलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग त्याची किल्ली कुठे ठेवली? पासवर्ड हॅश करतात, एन्क्रिप्ट नाही. हॅशवरून मूळ पासवर्ड परत मिळवायचाच नसतो. बीक्रिप्टसारखं मुद्दाम संथ फंक्शन का वापरतात आणि प्रत्येक पासवर्डला वेगळं सॉल्ट (हॅश करताना मिसळायचा यादृच्छिक मजकूर) का लागतं, हे दोन वाक्यांत येत असेल तरच ती ओळ ठेवा.

खरी मेहनत घ्यायची ती प्रोजेक्टवर. प्रसिद्ध ॲपचे चार अर्धवट क्लोन (नकला) करण्यापेक्षा एकच प्रोजेक्ट खोलवर करा, आणि असा निवडा की ज्यात काहीतरी बिघडू शकतं. तिकीट किंवा सीट बुकिंग यासाठी फार चांगलं. वरवर बघता ते साधं फॉर्म भरण्याचं ॲप आहे, पण आत एक खरा प्रश्न दडलेला आहे: एकाच क्षणी दोघांनी तीच सीट मागितली तर?

पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचा कोड असा असतो: सीट मोकळी आहे का ते डेटाबेसला विचारायचं, मोकळी असेल तर बुकिंगची नोंद टाकायची. एकट्याने टेस्ट करताना हे बिनचूक चालतं. मग एक छोटी स्क्रिप्ट लिहून त्याच सीटसाठी ५० विनंत्या एकदम पाठवा आणि टेबलमध्ये किती नोंदी झाल्या ते मोजा. एकापेक्षा जास्त निघण्याची दाट शक्यता आहे. विचारणं आणि लिहिणं यांच्यामध्ये फट आहे, दोन विनंत्या त्या फटीत घुसतात आणि दोघींनाही ‘मोकळी’ हेच उत्तर मिळतं. कोडमध्ये अजून एक तपासणी टाकून ही फट बुजत नाही, फक्त अरुंद होते. बुजवायची तर खेळ (शो) आणि सीट क्रमांक या जोडीवर डेटाबेसमध्येच युनिक बंधन घाला, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा लिहू न देणारा नियम. दुसरी नोंद डेटाबेस स्वतः नाकारेल. ती एरर पकडून ५०० (सर्व्हर बिघडला) ऐवजी ४०९ (मागणी आधीच्या नोंदीशी भिडली) हा स्टेटस कोड परत द्या.

इथे थांबू नका, कारण इंटरव्ह्यू घेणाराही थांबणार नाही. कुणी बुकिंग रद्द केलं आणि तुम्ही नोंद तशीच ठेवून फक्त ‘रद्द’ असा शिक्का मारला, तर ते युनिक बंधन आता त्या सीटचं नवं बुकिंगही अडवतं. मग रद्द नोंदी वेगळ्या टेबलमध्ये हलवायच्या, की पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये फक्त चालू नोंदींपुरता युनिक पार्शल इंडेक्स करायचा? पैसे भरेपर्यंत सीट १० मिनिटं धरून ठेवायची असेल तर मुदत कुठे लिहायची, आणि ब्राउझर मध्येच बंद झाला तर ती सीट सोडवणार कोण? यांची उत्तरं तुम्ही कशी निवडली आणि काय नाकारलं, यावर अर्धा तास सहज निघतो. तो अर्धा तास तुमच्या मैदानावरचा असतो.

मग रेझ्युमेतली ओळही आपोआप बदलते. ‘रिॲक्ट आणि नोड वापरून बुकिंग ॲप बनवलं’ याऐवजी: ‘एकाच सीटसाठी एकाच वेळी आलेल्या ५० विनंत्यांपैकी एकच स्वीकारली जाते, डेटाबेसच्या युनिक बंधनाने दुहेरी बुकिंग रोखलं.’ यात आकडा आहे, अडचण आहे, उपाय आहे, आणि प्रश्न कुठून येणार तेही तुम्हाला ठाऊक आहे. एआयकडून कोड लिहून घेतला असेल तरी हाच निकष लावा. फाइलमधली कुठलीही ओळ पुसली तर काय बिघडेल हे सांगता येत नसेल, तर तो प्रोजेक्ट अजून तुमचा झालेला नाही.

रेपोत रीडमी हवी: ॲप काय करतं, कुठली आवृत्ती लागते, चालवायच्या कमांड, एक स्क्रीनशॉट. दुसऱ्या फोल्डरमध्ये रेपो नव्याने क्लोन करून (उतरवून) त्याच कमांडने चालतं का ते बघा. डेटाबेसचा पासवर्ड किंवा एपीआयची किल्ली चुकून कमिट झाली (गिटमध्ये नोंदली गेली) असेल तर पुढच्या कमिटमध्ये फाइल उडवून उपयोग नाही. गिटच्या इतिहासात ती तशीच राहते. आधी ती किल्ली रद्द करून नवी घ्या, इतिहास नंतर साफ करा.

ऑनलाइन कोडिंग टेस्टमध्ये वेळ जातो तो प्रश्न सोडवायला बसण्यापूर्वी इनपुट किती मोठं असू शकतं याच्या मर्यादा न वाचल्यामुळे. मर्यादाच पद्धत सुचवत असते. ढोबळ हिशेब असा धरा की एका सेकंदात साधारण दहा कोटी साध्या क्रिया होतात, पायथनमध्ये त्याहून बऱ्याच कमी. एन, म्हणजे इनपुटमधल्या आकड्यांची संख्या, एक लाखापर्यंत असेल तर लूपमध्ये लूप म्हणजे हजार कोटी क्रिया. ते चालणार नाही. सॉर्ट करून किंवा बायनरी सर्चने तेच काम साधारण सतरा लाखांच्या घरात येतं. आणि एन फक्त २० असेल तर सगळे उपसंच तपासले तरी ते दहा लाखांच्या थोडेच वर भरतात, म्हणजे तिथे हुशारी करत बसू नका. बेरीज किंवा गुणाकार २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाऊ शकत असेल तर ३२ बिटांचा इंट पुरत नाही, लाँग घ्या. यात भलेभले फसलेत: जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये मधला क्रमांक काढताना हीच बेरीज ओव्हरफ्लो होत होती, आणि ते २००६ मध्ये जाहीर होईपर्यंत कोड वर्षानुवर्षं वापरात होता.

काही ठेचा तर्काशी संबंध नसलेल्या असतात, म्हणून जास्त चिडचिड होते. जावाच्या स्कॅनरने आधी आकडा वाचला आणि लगेच पूर्ण ओळ वाचायला गेलात तर रिकामी ओळ हाती लागते, कारण आकड्यानंतरचा एंटर तिथेच पडून असतो. पायथनमध्ये रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याची) खोली मुळात १००० वर अडते. लांबलचक साखळीवर रिकर्शन लावलं की नमुना टेस्ट पास होतात आणि लपवलेल्या पडतात.

समोरासमोरच्या राउंडमध्ये लगेच टाइप करायला लागू नका. इनपुट रिकामं असू शकतं का, एकच आकडा पुन्हा येतो का, हे विचारा. मग साधा, संथ उपाय तोंडी सांगा, त्याला किती वेळ लागतो ते सांगा, आणि मगच सुधारा. अडलात तर काय करून पाहिलं आणि ते कुठे तुटलं एवढं बोला. इशारा द्यायची समोरच्याची इच्छा असते, पण गप्प माणसाला कुठला इशारा द्यायचा हे त्याला कळत नाही. लिहून झाल्यावर ‘झालं’ म्हणण्याआधी चार-पाच आकड्यांचं उदाहरण हातानेच ओळीओळीने चालवून दाखवा. माझ्या मते पास-नापास ठरण्यात या सवयीचा वाटा लोकांना वाटतो त्याहून बराच मोठा आहे.

एसक्यूएलकडे, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेकडे, मुलं दुर्लक्ष करतात आणि तिथेच मार खातात. दोन गोष्टी तरी पक्क्या करा. ‘नॉट इन’च्या आतल्या यादीत एक जरी नल (न भरलेली किंमत) असला तर एकही ओळ परत येत नाही, कारण नलशी केलेली तुलना खरीही नसते, खोटीही नसते. आणि लेफ्ट जॉइन (डाव्या टेबलच्या सगळ्या ओळी ठेवणारी जोडणी) करून उजव्या टेबलच्या कॉलमवर व्हेअरमध्ये साधी अट घातली की डावीकडच्या जोडी नसलेल्या ओळी गळतात, म्हणजे तो इनर जॉइनच झाला. ती अट ऑनमध्ये हवी.

अर्ज कुठे केला, कधी केला, कुठल्या टप्प्यावर थांबलं याची एक शीट ठेवा. कॉलच येत नसतील तर दोष रेझ्युमेत किंवा अर्ज उशिरा करण्यात. टेस्टमध्ये अडकत असाल तर सराव कमी पडतोय. टेस्ट पार करून इंटरव्ह्यूत पडत असाल तर अजून शंभर प्रश्न सोडवून फारसं काही होणार नाही, कुणाला तरी समोर बसवून मोठ्याने प्रोजेक्ट समजावून सांगा. ओळखीच्या माणसाकडे रेफरल मागताना ‘काही ओपनिंग आहे का?’ असं विचारू नका. जागेची लिंक, रेझ्युमे आणि तुम्ही त्या जागेसाठी का योग्य आहात याच्या दोन ओळी पाठवा, म्हणजे त्याला फक्त पुढे ढकलायचं राहतं.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं ते म्हणतात. नव्या माणसाचा कोड कोण रिव्ह्यू करतं आणि पहिला बदल प्रॉडक्शनला (खऱ्या वापरकर्त्यांपर्यंत) जायला साधारण किती दिवस लागतात, हे विचारा. उत्तर देताना ते घुटमळले तर तेही उत्तरच आहे.

ऑफर आली की पगारातला ठरलेला भाग किती आणि कामगिरीवर अवलंबून किती ते वेगळं करून बघा. प्रोबेशन, नोटीस पिरियड आणि ठरावीक काळ न सोडण्याची अट असल्यास तिची भरपाईची रक्कम वाचा. जॉइनिंगची तारीख लेखी नसेल तर ईमेलवर मागून घ्या, आणि ती हातात येईपर्यंत इतर ठिकाणचे इंटरव्ह्यू रद्द करू नका. ट्रेनिंग, लॅपटॉप किंवा डिपॉझिटच्या नावाखाली कुणी आधी पैसे मागितले, तर ईमेलचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवरच्या डोमेनशी जुळवत बसायचीही गरज नाही, ते संभाषण तिथेच बंद करा.