आमची वाटचाल : शेतातल्या मोटारीपासून गाडीच्या साउंडपर्यंत

आमचं दुकान लातूरला. पाटीवर आज 'ऑटो इलेक्ट्रिक आणि कार ऑडिओ' असं लिहिलंय, पण धंदा उभा राहिला तो शेतातल्या मोटारी भरून देण्यावर. अण्णा, म्हणजे आमचे वडील, रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं काम, करायचे. जळालेली मोटार आली की खोलायच्या आधी त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असत : डीपीपासून (विजेच्या ट्रान्सफॉर्मरपासून) बोअर किती लांब, आणि वायर कोणती टाकली? लांबी वाढली की वायर जाड झाली पाहिजे, नाहीतर व्होल्टेज वाटेतच मरतं आणि मोटार जळते. मी शाळेत असल्यापासून हे ऐकत आलो. आज गाडीत अँप (स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर) बसवतानाही आमचं काम याच हिशोबावर चालतं.

२०१५-१६ च्या दुष्काळात आधी कोरड्या चालून जळालेल्या मोटारींची रीघ लागली. मग बोअरच आटले आणि मोटारी यायच्या बंद झाल्या. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमच्या वाइंडिंगच्या मशीनवर धूळ साचली होती. मी तोवर सेल्फ, डायनामो, बॅटरीची कामं शिकलो होतो. ती वाढवली. औसा, निलंगा, उदगीरकडच्या बोलेरो, स्कॉर्पिओ, काळी-पिवळी जीप यायला लागल्या, आणि त्यांच्याबरोबर एक तक्रार सारखी यायला लागली : बेस (गाण्यातला धडधडणारा जड आवाज) वाजला की हेडलाईट मंद होतात.

एक गाडी नीट लक्षात आहे. औशाकडचा सोयाबीनवाला शेतकरी, मुलानं हौसेनं मोठा वूफर, म्हणजे बेसचा स्पीकर, बसवून घेतलेला. काम दुसरीकडं झालं होतं. आम्ही रेस थोडी धरून, गाणं चालू ठेवून तीन जागी मीटर लावला. अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या डायनामोच्या) बोल्टवर १३.९ व्होल्ट, बॅटरीवर १३.०, आणि डिकीत अँपच्या टोकाला १०.९. म्हणजे करंट तयार होत होता, पोचत नव्हता. मॅटखालची लाल वायर बाहेरून अंगठ्याएवढी जाड. ब्लेडनं सोलली तर प्लास्टिकच जास्त, आतली तार बारीक, आणि तार खरवडली तर आतून पांढरी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशी तार त्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या साधारण दोन-तृतीयांशच करंट वाहून नेते. अर्थिंग सीटच्या बोल्टला, रंगावरच आवळलेलं. आणि बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता! अशी वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर गाडी पेटायला काही लागत नाही. मला अजूनही सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो.

हिशोब अवघड नाही. १००० वॅट आरएमएसचा (म्हणजे सलग तेवढी ताकद देणारा) क्लास-डी, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा, अँप साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला, तर पूर्ण ताकदीला १२५० वॅट मागतो. १३.८ व्होल्टला ते ९० अँपिअर झाले. लहान गाडीचा अल्टरनेटरच मुळात ७० ते ९० अँपिअरचा, आणि आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, तो तेवढेही देत नाही. त्यातून हेडलाईट, एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा पंखा यांचं आधी भागवायचं. मे महिन्यात आमच्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त, आणि तापलेला अल्टरनेटर आणखी कमी करंट देतो. गाणं सलग पूर्ण ताकदीनं वाजत नाही, ठोक्याला खेचतं, म्हणून बॅटरी मधली तूट भरून काढते. पण ती पुन्हा भरायला सवड मिळाली पाहिजे.

म्हणून आम्ही सुरुवात तीन वायरींपासून करतो : अल्टरनेटर ते बॅटरी प्लस, बॅटरी मायनस ते चेसिस (गाडीचा सांगाडा), आणि इंजिन ते चेसिस. कंपनीच्या वायरी तशाच ठेवून शेजारून ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकतो. डिकीपर्यंत पाच मीटर वायर धरली तर १०० अँपिअरला या वायरीत पाव व्होल्ट पडतं. तेच १० स्क्वेअर एमएममध्ये पाऊण व्होल्टच्या वर जातं. वायरीच्या टोकाचा लग हायड्रॉलिक प्रेसनं दाबायचा, अर्थिंगच्या जागेचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचा, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर रबरी ग्रोमेटमधूनच, म्हणजे भोकाच्या कडेला बसणाऱ्या रबरी कड्यातूनच, न्यायची. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज. तो वायर वाचवण्यासाठी असतो, अँपसाठी नाही. नव्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथं जादा अर्थिंग थेट मायनसवर घ्यायचं नाही, सेन्सरच्या पलीकडं चेसिसवर घ्यायचं. नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर चार्जिंगचा हिशोब चुकवतो.

वायरीनं भागलं नाही तर एजीएम बॅटरी (झटक्यात जास्त करंट देणारी सीलबंद बॅटरी), आणि मगच मोठा अल्टरनेटर. "दादा, कॅपॅसिटर टाका की," असं पोरं हमखास म्हणतात. कॅपॅसिटर म्हणजे थोडी वीज साठवून झटक्यात देणारा डबा, आणि फॅरड हे त्याच्या साठ्याचं माप. एक फॅरडचा कॅपॅसिटर १४ वरून १३ व्होल्टपर्यंत उतरताना साडेतेरा ज्यूल देतो. १००० वॅटच्या अँपला ते सेकंदाच्या शंभराव्या भागापुरते होतात. विहीर आटली असताना घागर मोठी आणून काय होणार?

त्या शेतकऱ्याच्या गाडीत अँपच्या टोकाला १३.४ आले. मुलगा आत बसून आवाज ऐकत होता. वडील मात्र समोरच्या भिंतीवर पडलेल्या उजेडाकडं बघत होते. "आता हलंना बघा लाईट," म्हणाले, आणि पैसे देताना रात्री औशाच्या रस्त्यानं यायची भीती सांगत बसले. तेव्हापासून आम्ही प्रत्येक गाडीचे आधीचे आणि नंतरचे आकडे बिलावर लिहून देतो.

काही कामं आम्ही घेत नाही. बाहेर तोंड केलेले स्पीकर बसवत नाही. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला मनाई आहे, दवाखाना-शाळेभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं, आणि लातूर तर अभ्यासाला आलेल्या पोरांचं गाव. खोलीच्या खिडकीखालून धडधडत गाडी गेली की काय होतं, ते आमच्या घरच्या मुलांनीही सोसलंय. काचा बंद करून आत स्वच्छ वाजावं, एवढ्यासाठीच आमची मेहनत.

आता इलेक्ट्रिक गाड्याही विचारायला येतात. त्यात अल्टरनेटर नसतो, मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टर १२ व्होल्ट काढून देतो. नारंगी, म्हणजे हाय-व्होल्टेजच्या, वायरींना आम्ही हात लावत नाही. कन्व्हर्टर किती अँपिअर देऊ शकतो ते पाहून तेवढ्यात बसेल असाच अँप सुचवतो.

अण्णा आता मशीनवर बसत नाहीत, पण बाकड्यावर बसून गिऱ्हाइकाला वायर कुठून आणली ते अजून विचारतात. येणाऱ्यांना एकच विनंती : अँप आधी विकत घेऊन येऊ नका. रिकामी गाडी आणा, मोजायचे पैसे आम्ही घेत नाही. आकडे बघून मग ठरवू.