गोबरगॅस कोण करतं?

‘जिवाणू शेण कुजवतात आणि गॅस तयार होतो’ असं गोबरगॅसच्या माहितीपत्रकात हटकून छापलेलं असतं. मी नववीला विज्ञान शिकवते म्हणून असेल, पण ते वाक्य मला खुपतं. जिवाणूंचं काम अर्ध्यावर संपतं. ते शेणातला चोथा फोडून आम्लं, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करून ठेवतात. त्यातून मिथेन, म्हणजे जळणारा गॅस, काढतात ते आर्किया नावाचे दुसरेच सूक्ष्मजीव.

यांनाही केंद्रक नसतं, दिसतातही जिवाणूंसारखे. म्हणून १९७७ पर्यंत जिवाणूंतच खपून गेले. कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी रायबोसोममधला (पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या कणातला) आरएनए ताडून पाहिला तेव्हा कळलं, हे कूळच निराळं. आणि त्यांच्या हाती आधी लागले ते मिथेन करणारेच! पण आर्किया म्हटलं की लोकांना आठवतात उकळते झरे, नाहीतर २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालेलं लोणार. (तो रंग मिठात रमणाऱ्या आर्कियांचा, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं दाखवलं.) म्हशीचं पोट कुणाच्या ध्यानात येत नाही. तिथले आर्किया शेणाबरोबर टाकीत जातात. शिवाय नव्या टाकीत चालू टाकीतली स्लरी, म्हणजे कुजलेला शेणकाला, ओततात, ते विरजणच.

मंडळी मोठी सावकाश. थंडीत तर फारच. आमच्याकडे डिसेंबरात सकाळचा चहा सिलेंडरवर होतो. मागच्या लग्नसराईत चुलतदिरांनी उरलेला भात नि जिलेबी टाकीत लोटली. जिवाणूंनी भराभर आम्ल केलं. आर्कियांना ते तितक्या वेगानं संपवता येईना, आणि आंबटपणा वाढला तसे ते आणखी ढेपाळले. गॅस भरपूर, शेगडी मात्र पेटेना. येत होता तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड. भाऊजी म्हणाले, “वैनी, शेण वाढवा की!” मी उलट टाकीला उपास घडवला, थोडा चुना कालवून घातला, शेजारच्यांची स्लरी मागून आणली. ज्योत निळी व्हायला पुष्कळ दिवस लागले.

या आर्कियांत एफ-४२० नावाचं एक सहविकर (विकरांना, म्हणजे एन्झाइमना, मदत करणारं रसायन) असतं. त्यामुळे अतिनील प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली ते निळे-हिरवे चमकतात. आमच्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाला तसला दिवा नाही. पोरांना दाखवायचं तर विद्यापीठात न्यावं लागेल. मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन ठेवलाय. स्लरी मी घरचीच नेणार आहे.